एक सामना बाहेर

चुडाव्याच्या पुढे रेल्वेलाईनला लागून एक गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात मी बरीच वर्षं नर्स होते. नामांतराच्या दंगली होऊन तीन-चार वर्षं उलटली असतील, तेव्हा माझी तिथं बदली झाली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत लसी, गोळ्या आणि वजनकाटा. मागच्या खोलीत मी. माझं लग्न झालं होतं आणि ते टिकलं नव्हतं, ही गोष्ट मी सामान लावायच्या आधीच गावाला कळली होती. त्यामुळे बायका औषधाला यायच्या, पण बसायला कुणी यायचं नाही. संध्याकाळची पॅसेंजर गेली की माझं कुणाशी बोलणं व्हायचं नाही ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

मागच्या खोलीला एक खिडकी होती. तिच्याबाहेर मोकळं रान, आणि त्या रानात गावची मंडळी रोज दिवस मावळेपर्यंत कबड्डी खेळायची. सुरुवातीला त्या आरड्याओरड्याचा मला त्रास व्हायचा. मग भाकरी थापता थापता कान तिकडे जायला लागले. चढाईचा दम ऐकून कोण गेलाय ते मला ओळखू यायला लागलं. एकाचा दम घोगरा, एकाचा तुटका. एकाचा मात्र इतका सरळ आणि लांब, की तो कधी श्वास घेतो हेच कळायचं नाही. तो बौद्धवाड्यातला तरुण होता, विशी ओलांडलेला, अंगानं किडमिडीत. पुढे मी त्यालाच 'आमचा चढाईवाला' म्हणायला लागले.

त्या खिडकीपासून मैदानापर्यंत मला नेलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे गावातलेच निवृत्त झालेले शाळामास्तर. दंगलीनंतर आसपासच्या गावांतून लोकांचं एकमेकांशी बोलणं तुटलं होतं. आमच्या गावात जाळपोळ झाली नव्हती, पण गाव आणि वाडा यांच्यामधला रस्ता ओस पडला होता. अशा दिवसांत मास्तर सायकलवर गावोगाव फिरले आणि त्यांनी कबड्डीची स्पर्धा सुरू केली. तिचा नियम त्यांनीच केला. ज्या गावची टीम, त्याच गावचे गडी. आणि ते गावातल्या सगळ्या वस्त्यांतले हवेत. कुणाला पगार नाही. बनियन-चड्डी, दोन वेळचं जेवण आणि एसटीचं भाडं, एवढाच खर्च गावानं गड्यावर करायचा. त्यापुढे काहीही दिलं तर टीम बाद. मैदानावर पाण्याचा माठ एकच, सगळ्यांनी त्यातलंच प्यायचं.

हे सगळं मास्तरांनी मला उपकेंद्राच्या पायरीवर बसून सांगितलं आणि मग म्हणाले, "पोरं पडतात, सोलतात. तुम्ही तुमची पेटी घेऊन पंचांच्या टेबलाशेजारी बसाल का, बाई?"

मी लगेच हो म्हणाले. बाईमाणसाला मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसायला कारण लागतं. ते कारण मला आयतं मिळालं.

माझ्या खुर्चीशेजारी गोणपाट टाकून एक म्हातारा बसायचा. तो रेल्वेचा रिटायर गेटमन, सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. नोकरीत त्यानं निजामाबादच्या बाजूला बरीच वर्षं काढली होती. खेळातलं मला जे काही कळलं ते त्यानं शिकवलं. "पायाकडं बगू नका, बाई," तो सांगायचा. "कंबरंकडं बगा. पाय फसवतो, कंबर न्हाई फसवत." सामना नसला तरी तो कधीमधी उपकेंद्रात रक्तदाब बघून घ्यायला यायचा आणि आदल्या सामन्यावर बोलत बसायचा. बीपी त्याचा नेहमी बरा असायचा. मला ते कळायचं, त्यालाही कळायचं, आणि आम्ही दोघंही ते बोलायचो नाही.

माझ्या आयुष्यात त्या दोन-तीन वर्षांत दुसरं काही घडलं नाही. पण होळीच्या सुमारास स्पर्धा लागली की मला घर भरल्यासारखं वाटायचं. आमच्या गावानं कधी ढाल जिंकली नव्हती. उपांत्य फेरीपर्यंत जायचो आणि हरायचो. हरलो की मामा आणि मी मैदान रिकामं होईपर्यंत बसून राहायचो.

ढाल दरवर्षी एकाच मोठ्या गावात जायची. त्या गावाचं नाव मी घेत नाही. तिथे एका शेठची कापसाची जिनिंग होती आणि टीम त्याच शेठची. स्पर्धेचा मांडव त्यांचा, कर्णा त्यांचा, ढालसुद्धा त्यांनीच करून दिलेली. त्यांचे गडी आडदांड, तेल लावून चमकणारे. दर साली त्यांच्यात दोन-तीन नवे चेहरे असायचे. विचारलं की सांगायचे, हा अमक्याचा भाचा, तो तमक्याचा मेव्हणा, आता आमच्याच गावात राहतो. लोक हसायचे. चहाच्या टपरीवर तर उघड बोलायचे की ते भाचे जिनिंगच्या हजेरीवर आहेत आणि रुई कधी हातात धरत नाहीत. पण पंचांसमोर कुणी बोलायचं नाही.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय, त्या वर्षी आमची टीम चांगली जमली होती. आमच्या चढाईवाल्याच्या घरचे दिवाळी झाली की ऊस तोडायला पश्चिमेकडे जायचे, तोही जायचा. त्या वर्षी तो गेला नाही. गावातले चार लोक वाड्यात जाऊन त्याच्या बापाला भेटले आणि यंदा पोरगं ठेव म्हणाले. बाप रागारागानं बैलगाडी जुंपून निघून गेला. चढाईवाला मागं एकटाच राहिला, लोकांच्या रानात हरभरा काढायला जायचा आणि संध्याकाळी खेळायचा. नियम होता म्हणून गावानं त्याला काही दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही. त्याच्या गुडघ्याला सूज होती. मी रोज पट्टी बांधून द्यायचे.

"टोळीत गेला असतास तर बरं नसतं का झालं?" मी एकदा विचारलं.

"ऊस दर साली हाय, बाई," तो म्हणाला. "असली टीम पुन्ना न्हाई जमायची."

आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर जिनिंगवाले. झाडांवर, बैलगाड्यांवर, शाळेच्या पत्र्यावर माणसं. मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. मामा नुसता गोणपाटाचे धागे उपटत होता. मध्यंतरानंतर त्यांचा एक नवा गडी चढाईला यायला लागला. कर्ण्यावरून सांगितलं होतं की हा शेठच्या मुनीमजींच्या बहिणीचा मुलगा. तो बोलत कुणाशीच नव्हता, विचारलं तर त्यांची माणसं म्हणायची, "लाजाळू हाय, बोलत न्हाई." त्यानं आमचे गडी एकामागून एक बाद केले. आमच्यावर लोण चढला. शेवटाशेवटाला आमच्या चढाईवाल्यानंच त्याचा पाय धरला, बाकीचे वर पडले, आणि तो नवा गडी खांद्यावर आदळला. पण पडता पडता त्याचा हात मध्यरेषेला लागला होता. पंचांनी गुण त्यांना दिले आणि थोड्याच वेळात शिट्टी झाली. आम्ही हरलो होतो.

त्याला उचलून माझ्या टेबलाजवळ आणलं. खांदा निखळलेला दिसत होता. जीप येईपर्यंत हात झोळीत बांधावा म्हणून मी कोपर धरलं, तसा तो मोठ्यानं ओरडला, "अय्यो अम्मा, वद्दू, वद्दू."

ही बोली आमच्या भागातली नव्हती; टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मामा गोणपाटावरून उठला. तो वाकून त्या माणसाशी तेलुगूत दोन वाक्यं बोलला. माणसाच्या चेहऱ्यावर एवढ्या दुखण्यातही हसू आलं. इथलं कुणीतरी त्याच्या बोलीत बोललं होतं. मग मामानं सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतून विचारलं, "किधर के तुम?"

"निजामाबाद बाजू के," तो म्हणाला. "तीन जने आए हम. शेठ पगार देता, खेलते."

त्याला लपवायचं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. मी झोळी बांधली आणि त्याला जीपमध्ये बसवून दिलं.

त्यानंतर मैदानावर जे झालं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. चार-पाच गावांची माणसं टेबलाभोवती जमली. ज्यांचे सामने आधीच्या वर्षांत जिनिंगवाल्यांनी घेतले होते, तेही आले. कुणी मारामारीवर आलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, नियमाप्रमाणे टीम बाद करा आणि ढाल काढून घ्या. माझ्याशी कधी न बोललेल्या माणसांनी मला विचारलं, "बाई, तुमी ऐकलं ना?" मी म्हणाले, ऐकलं. कुणीतरी मला गुळाचा चहा आणून दिला. त्या संध्याकाळी, हरलेलो असूनही, मला त्या गावात पहिल्यांदा आपलं माणूस असल्यासारखं वाटलं.

निकाल आठ-दहा दिवसांनी शाळेत बसून दिला. मास्तर, इतर पंच आणि शेठ. बाहेर व्हरांड्यात आम्ही सगळे. शेठनं कबूल केलं की तीन गडी बाहेरचे आहेत आणि पगारावर आहेत. आपल्याला नियम नीट माहीत नव्हता, असंही म्हणाले. मास्तरांनी निकाल वाचला. ढाल त्यांच्याकडेच राहील, कारण सामना मैदानावर झाला आणि मैदानावरचा निकाल फिरवता येत नाही. ते तीन गडी पुढच्या वर्षी एक सामना बाहेर बसतील. शेठ सगळ्या टीमना जेवण देतील.

व्हरांड्यात एकदम बडबड सुरू झाली. "एक सामना?" कुणीतरी म्हणालं. "पहिला सामना तर ते अर्धी टीम घिऊन बी जिंकत्यात." लोक चिडले, पाय आपटत निघाले. मला वाटलं, आता हे थांबणार नाही.

मी दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हणाले, "टीम बाद, असं तुम्हीच मला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

"शेठ गेले तर मांडव जातो, कर्णा जातो. स्पर्धा बंद पडते, बाई. दंगलीनंतर या गावांतून कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. आज एका माठातलं पाणी पितात. एका ढालीसाठी मी ते मोडू?"

"ते नियमामुळेच पितात ना?"

मास्तरांनी आत आवाज देऊन माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा घेतला आणि परत आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. पण घरी येताना मला फार एकटं वाटलं, कारण गावात ज्यांच्याशी वाद घालता येईल असे ते एकच होते.

जेवण झालं शेठच्या जिनिंगच्या आवारात. बुंदी, वरणभात, वांग्याची भाजी. मी जाणार नाही असं मी मामाला सांगितलं. मला वाटलं होतं, निम्मं गाव तरी जाणार नाही. सगळे ट्रकमध्ये बसून गेले. दिवसभर गाव सुनं होतं, लसीला आलेल्या दोन बायका सोडल्या तर माझ्या दारात कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा आला तेव्हा मी त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला.

"बुंदी चांगली व्हती," तो म्हणाला.

"असेल."

"राग हाय का माझ्यावर?"

"नाही."

"माझा राग बी हायेच की, बाई. पर समदे गेले. म्या एकट्यानं घरी बसून काय करू?"

मी एकटीनंच घरी बसले होते, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं सदऱ्याची बाही खाली केली आणि उठला. पण त्या जेवणानंतर लोकांचं बोलणं फिरलं. आधी म्हणायचे लबाडी केली. मग म्हणायला लागले, शेठ दिलदार माणूस आहे. मग म्हणायला लागले, आपण तरी चांगले गडी का आणू नयेत. मी कधी विषय काढला की समोरचा मान डोलवायचा आणि पावसाचं बोलायला लागायचा. लहान मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं तेव्हा जसं ऐकून घेतात, तसं माझं ऐकून घ्यायला लागले. मग मी बोलणं बंद केलं.

दसऱ्याच्या आसपास चढाईवाला माझ्याकडे आला. धुतलेला सदरा घातला होता.

"बाई, मी जिनिंगला लागलो," तो म्हणाला. "वाचमन."

मला समजलं. तरी मी विचारलं, "आणि खेळायचं?"

"त्यांच्याकडूनच."

"तू या गावचा आहेस."

"हाय की. म्हून काय झालं?" तो पायरीवर बसला. आवाजात राग नव्हता. "गेल्या साली म्या घरच्यांला सोडून हितं ऱ्हायलो. बाप अजून सरळ बोलंना. कुणी इचारलं का, काय खाल्लंस म्हून? नियम व्हता. मी पाळला. त्यांनी मोडला, त्यांला काय झालं? एक सामना बाहेर. मला बी तेच व्हईल. बसंन एक सामना."

मी त्याचा गुडघा बघितला. सूज उतरली होती. "उकिडवा जास्त बसू नकोस," मी सांगितलं. तो हो म्हणाला आणि गेला.

पुढच्या होळीला मी खुर्चीवर होते, मामा गोणपाटावर. चढाईवाला जिनिंगच्या टीमकडून आमच्याविरुद्ध उतरला. पंचांनी त्याला काही विचारलंसुद्धा नाही. तोच दम, सरळ आणि लांब. त्यानं आमच्या कप्तानाला बाद केलं तेव्हा सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. मामानंही वाजवल्या. माझे हात मांडीवरच होते. मामानं माझ्याकडे पाहिलं.

"आपलाच हाय की, बाई."

मला ते कळत होतं. तो सुखात आहे, रोज जेवतोय, हेही दिसत होतं. पण ज्या टीमसाठी मी त्या खुर्चीत बसत होते, ती टीम आता मला कुठं दिसत नव्हती. मैदानावर सात माणसं आमच्या रंगाच्या बनियनमध्ये पळत होती, आणि त्यांतले दोघं तर परळीकडून आणलेले होते. लोक खूश होते. खेळ पहिल्यापेक्षा चांगला झाला होता, हेही खरं. गर्दी वाढली होती. माठ मात्र हळूहळू दोन झाले. बाहेरचे गडी आपापलं पाणी आणायचे म्हणून, असं सांगायचे. मास्तरांनी ते बघितलं असणार. नंतर ते स्पर्धेला यायचे बंद झाले, गुडघ्यांचं कारण सांगून.

माझ्या खिडकीबाहेरचं रानही शांत झालं. पगाराचे गडी स्पर्धेच्या आधी आठवडाभर यायचे आणि ढाल झाली की जायचे. एरवी रोज संध्याकाळी खेळायला कुणी उरलं नव्हतं. मामाला त्याच्या मुलीनं पूर्णेला नेलं. जायच्या दिवशी तो बीपी बघून घ्यायला आला. त्या दिवशी तो खरंच वाढलेला होता. मी गोळ्या दिल्या आणि कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. तो गेल्यावर मी स्पर्धेला पेटी पाठवायला लागले, स्वतः जाईनाशी झाले. कुणी विचारलं नाही.

मग माझी पालमला बदली झाली. तिथे दवाखाना मोठा, दिवस कसा जायचा कळायचं नाही. संध्याकाळ मात्र जाता जायची नाही. नामविस्तार झाला त्याच्या आसपासची गोष्ट असेल. एका दुपारी लसीच्या रांगेत एक माणूस लहान मुलीला कडेवर घेऊन उभा होता. थोडा लंगडत पुढे आला आणि म्हणाला, "वळखलं का, बाई?"

चढाईवाला होता. अंगानं भरला होता. पालमला त्याची सासुरवाडी होती. जिनिंग कधीच सुटली होती. गुडघा गेला तसं शेठनं कामावरून कमी केलं, आता तो हमालांच्या टोळीचा मुकादम होता. बरं चाललंय म्हणाला. मी त्याच्या मुलीला लस दिली, ती रडली, त्यानं तिला थोपटलं. रांग संपल्यावर मी दोघांसाठी चहा मागवला.

बोलता बोलता मी म्हणाले, "त्या वर्षीची ढाल आपली होती."

"कोन्ती?"

"फायनल. तू ऊसतोडीला गेला नव्हतास तेव्हाची. तो तेलुगू माणूस, खांदा निखळला."

तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला दिसत होतं. "लय फायनल झाल्या, बाई," तो शेवटी म्हणाला. "जिनिंगकडून चार-पाच ढाली उचलल्या म्या. त्यातली व्हय का?"

"नाही. त्याच्या आधीची."

मग मी त्याला तो सामना सांगितला. मध्यंतरापर्यंत आपण कसे पुढे होतो. मामा गोणपाटाचे धागे कसे उपटत होता. त्यानं पाय कसा धरला आणि समोरच्याचा हात रेषेला कसा लागला. तो मन लावून ऐकत होता, दुसऱ्या कुणाबद्दल चालल्यासारखं. मध्येच त्यानं हसून विचारलं, "मी धरला व्हता व्हय त्याला?"

"तूच."

"मंग चांगलं खेळलो म्हनायचं."

चहा संपला. मुलीला झोप यायला लागली होती. गंगाखेडची गाडी लागायची वेळ झाली म्हणून तो उठला, मुलीला खांद्यावर टाकलं, ताप आला तर काय द्यायचं ते विचारून घेतलं. मी त्याला गोळीचा चौथा हिस्सा करून दाखवला आणि कागदात बांधून दिला. तो स्टँडच्या दिशेनं गेला. मी आत येऊन सिरिंज उकळायला ठेवल्या.